प्रभाची रिकामी आवर्तनं

बळवंतराव टिपणीस हे आमच्या बैठकीचे तबलजी. तबलजी म्हटल्यावर झुलणारं डोकं, उडणारे केस असं काही डोळ्यांसमोर आलं असेल तर ते ताबडतोब पुसून टाका. बळवंतराव तबला वाजवताना फाइलवर सही करत असल्यासारखे दिसतात. पाठ ताठ, नजर समोरच्या भिंतीवर, चेहऱ्यावर काही नाही. सगळी नोकरी दिल्लीच्या कृषी भवनात काढली. बोलणं जेवढ्यास तेवढं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण त्यांना मोठ्याने हसताना किंवा कोणावर खेकसताना पाहिल्याचं आठवत नाही. खेकसण्याचं काम बैठकीत माझ्याकडे आहे. मी वृंदा, पेटी वाजवते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, आवाज तेव्हाचाच राहिलाय.

त्यांची बायको चंद्रप्रभा, आमची प्रभा, सगळ्याच बाबतीत त्यांच्या उलट. ती मेंडोलिन वाजवायची आणि तिला घाई असायची. कशाची, ते तिलाही सांगता आलं नसतं. मेट्रोत यमुना बँक सुटलं की ही उठून दाराशी उभी. उतरायचं मयूर विहारला, मध्ये अक्षरधाम यायचं बाकी, आणि बसायला जागा असताना बाई दांडा धरून डोलतायत. पोह्यांना दणदणीत वाफ आली असं मी तिच्याकडे कधी पाहिलं नाही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं ती पूर्ण करायची, आणि बहुतेक वेळा चुकीचं. बळवंतराव तेवढ्यासाठीच कमी बोलत असावेत, असं मी तिला तोंडावर म्हटलं होतं. ती म्हणाली, "बोलत नाहीत म्हणून तर मला दोघांचं बोलावं लागतं, आणि वेळ तेवढाच!"

बैठक सुरू झाली ती आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. ऐन जूनमध्ये एका संध्याकाळी वीज गेली आणि सगळा ब्लॉक खाटा घेऊन खाली आला. ऑडिटमधले शशिकांत त्यांचं व्हायोलिन घेऊन आले, कारण घरात घामाने गज हातात राहत नव्हता. ते पाहून प्रभा पळत वर गेली आणि मेंडोलिन घेऊन आली. मागून बळवंतराव तबला-डग्गा दोन्ही काखांत धरून आले, आणि माझ्या यजमानांनी न विचारता माझी पेटी खाली आणून ठेवली. आम्ही चौघं वाजवत राहिलो. वीज आली तेव्हा आजूबाजूचे पंजाबी शेजारीसुद्धा 'अरे यार' म्हणाले. शशिकांतरावांनी तिथेच जाहीर करून टाकलं की दर रविवारी बसायचं, पण विजेवर चालणारं काहीही आणायचं नाही. ना माइक, ना तंबोऱ्याचं मशीन. नाव पडलं 'बिनविजेची बैठक'. पुढे जवळजवळ सगळ्यांनीच मयूर विहारच्या सोसायट्यांत फ्लॅट घेतले, तशी बैठकही यमुना ओलांडून इकडे आली. उन्हाळ्यात सोसायटीचा हॉल, थंडीत गच्चीवरचं ऊन. हल्ली मुनिरक्याहून दोन विद्यार्थीही गिटारी घेऊन येतात. आमच्यात कोणीही मोठा कलावंत नाही. हौस दांडगी, एवढंच.

आमच्याकडे एक पद्धत आहे, ती आधी सांगते. एकेकाने आपापली आवर्तनं, म्हणजे तालाचे ठरलेले फेरे, वाजवायची, ठरलेल्या क्रमाने. आधी शशिकांतराव, मग प्रभा, मग मी, मग बाकीचे. आता आम्ही पडलो केंद्र सरकारची माणसं. आज इथे, उद्या शिलाँगला बदली. दोन महिन्यांत कोणी ना कोणी गळायचं. तेव्हा शशिकांतरावांनी नियम केला की गेलेल्याची जागा भरायची नाही. त्याचा नंबर आला की सतरंजीवरची त्याची जागा तशीच ठेवायची, तबल्याने नुसता ठेका धरायचा, मी पेटीवर लेहरा धरायचा, म्हणजे एकच छोटी ओळ तालाच्या मापात पुन्हा पुन्हा, आणि त्याची आवर्तनं रिकामी जाऊ द्यायची. त्या वेळात कोणी वाजवायचं नाही, कोणी बोलायचं नाही. शिलाँगला गेलेले आमचे बासरीवाले तीन वर्षांनी परत आले, गुपचूप जागेवर बसले, नंबर आल्यावर वाजवायला लागले. कसे आहात, कधी आलात, काही नाही. ते त्यानंतर विचारलं. मला ते फार आवडलं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. धुरकं इतकं की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. सकाळी प्रभाच्या छातीत दुखायला लागलं. बळवंतराव तिचं हेल्थ कार्ड शोधायला कपाटाकडे गेले, कार्ड घेऊन बाहेर आले, तोवर ती गेली होती. मला तिचा भयंकर राग आला. इथे तरी बयेने जरा थांबायचं होतं.

बळवंतराव रडले नाहीत. तेव्हाही नाही, निगमबोध घाटावरही नाही, दिवस करतानाही नाही. त्यांनी सगळं नीट केलं. कोणाला फोन करायचे, कोणासाठी गाडी, पुण्याहून येणाऱ्यांना कुठे उतरवायचं, सगळं. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं की जेवण झालं का. आठवड्याभरात तिचं कपाट लावून झालं, साड्या देऊन झाल्या. आम्ही बायका आत डोळे पुसत होतो आणि बाहेर हे गृहस्थ पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते.

त्यांची मुलगी हेमलता गुडगावला असते. तिने मला बाल्कनीत गाठलं.

"मावशी, बाबा रडलेच नाहीत यार. एकदम नॉर्मल आहेत. नाश्ता करतात, वॉकला जातात. मला बिल्कुल समजत नाही. मी त्यांना पकडून रडायला लागले तर म्हणाले, 'पाणी आणू का?'"

"वेळ लागतो गं काहींना," मी म्हटलं. शाळेत पालकांना सांगत असे तसं. मला स्वतःला काय कळत होतं!

त्यानंतरच्या रविवारी बैठक घ्यायची की नाही यावर आम्ही गच्चीवर उभ्याउभ्या बोलत होतो, तर जिन्यातून बळवंतराव वर आले. दोन्ही काखांत तबला-डग्गा. बसले, हातोडी काढली, माझ्याकडे पाहिलं. मी सूर दिला. त्यांनी तबला लावून घेतला. शशिकांतरावांनी काहीतरी वाजवलं, मला काय ते आठवत नाही. त्यांचं संपलं. मग कोणी काही करायच्या आत बळवंतरावांनी ठेका सुरू केला. इतकी वर्षं शशिकांतरावांच्या मागून प्रभा असते, त्यामुळे हात चालू लागले असतील. मी लेहरा धरला. सतरंजीवर तिची जागा रिकामी, त्यावर ऊन. सगळे बळवंतरावांकडे बघत होते आणि बळवंतराव पाण्याच्या टाकीकडे. आवर्तनं संपली, त्यांनी रुमालाने हात पुसले. पुढे मी वाजवलं.

तसंच पुढच्या रविवारी झालं, आणि त्याच्या पुढच्या. ठरवलं कोणी नव्हतं. नियम बदलीवर गेलेल्यांसाठी होता, आजाऱ्यांसाठी होता. मेलेल्या माणसाचं आमच्याकडे तोवर काही ठरलंच नव्हतं, कारण तोवर आमच्यातलं कोणी मेलं नव्हतं.

माझी मात्र त्या रिकाम्या आवर्तनांत पंचाईत होऊ लागली. लेहरा ही काही अवघड गोष्ट नाही, झोपेतही वाजवता येते. पण सम चुकायला लागली. सम म्हणजे आमच्या सोळा मात्रांच्या तालाची पहिली मात्रा. तिथे पेटीने आणि तबल्याने एकदम पोचायचं असतं. मी पोचायची तेव्हा तबला आधीच पोचलेला. किंचितच, अर्धी मात्रा म्हणा. पहिल्यांदा वाटलं, लक्ष नव्हतं. दुसऱ्यांदा वाटलं, थंडीने बोटं आखडली. मग स्वतःचीच भीती वाटायला लागली की वय झालं, आता पेटी मिटायची. घरी मोबाइलवर ताल लावून घासून पाहिलं (बैठकीत नाही, घरी!), तर सम बरोब्बर. बैठकीत शशिकांतरावांच्या वेळी बरोब्बर. माझ्या स्वतःच्या वेळी बरोब्बर. फक्त प्रभाच्या जागी चूक. मी मनाशी म्हटलं, तुझं मन तिथे थाऱ्यावर नसतं, बाकी काही नाही. कोणाला सांगितलं नाही. मला चूक सहन होत नाही, आणि स्वतःची तर अजिबातच नाही.

जानेवारी संपता संपता एका दुपारी बळवंतराव माझ्याकडे आले. एकटे असे कधी यायचे नाहीत. चहा घेतला. कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"वृंदाताई, ते बंद करू या आता."

"काय?"

"प्रभाची आवर्तनं."

त्यांना बोलू द्यावं असं वाटलं, आणि ते बोलले. एका दमात इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"सगळे माझ्याकडे बघतात. आता याला रडू येईल, आता येईल. मला काही होत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपण गालाला हात लावून बघतो ना, गाल आपलाच असतो पण कळत काहीच नाही, तसं आहे. आधी म्हटलं, उतरेल. तीन महिने होत आले. आता मला भीती वाटते."

"कसली?"

"की सुई वगैरे काही नाहीच आहे. मुळातच मला काही वाटत नव्हतं. चाळीस वर्षं एका घरात राहिलो, तिने बोलायचं, मी ऐकायचं. तेवढंच होतं की काय? आणि ते असं असेल तर दर रविवारी तिच्या नावाने तिथे बसून मी ढोंग करतोय. ते मला जमणार नाही."

मी म्हणायला हवं होतं की छे, भलतंच काय. पण त्यांचा चेहरा नेहमीसारखाच कोरा होता आणि त्या चेहऱ्याकडे बघून मलाच खात्री वाटेना. मला रडू आलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पाणी आणू का?"

शशिकांतरावांपुढे विषय गेला. निवृत्त झाले तरी त्यांच्यातलं ऑफिस निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, "बघा, प्रोव्हिजन म्हणाल तर नाहीच. परत येणाऱ्यासाठी जागा ठेवायची, हे मूळ इंटेन्शन. आणि बळवंतच म्हणतोय म्हटल्यावर आपण कोण?" ठरलं असं की फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी एकदा ठेवायची, मग बंद. शशिकांतरावांच्या मागून मी. मला वाईट वाटलं, आणि त्या चुकणाऱ्या समेतून सुटणार म्हणून थोडं बरंही वाटलं.

त्या रविवारी गच्चीवर ऊन चांगलंच तापलं होतं, पुढच्या वेळेपासून हॉलमध्ये जावं लागणार होतं. हेमलता मुद्दाम गुडगावहून आली होती, वडिलांच्या मागे भिंतीला टेकून बसली. शशिकांतरावांचं झालं. ते जरा जास्तच लांबवत होते, पण झालं.

बळवंतरावांनी ठेका धरला. मी लेहरा. शेवटचं एकदा तरी नीट वाजव, असं मी स्वतःला बजावलं आणि तोंडातल्या तोंडात मात्रा मोजू लागले. तेरा, चौदा, पंधरा, आणि तबला समेवर. मी अजून सोळाव्या मात्रेत.

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

आता मी मोजत होते. माझी चूक नव्हती. तीन महिने मी स्वतःला म्हातारी म्हणून घेतलं होतं आणि माझी चूक नव्हतीच! माझं डोकं फिरलं. पेटीचा भाता सोडून दिला. रिकाम्या आवर्तनांत बोलायचं नसतं, हा नियम आमच्यात आजवर लहान पोरांनीही मोडला नव्हता. मी मोडला.

"बळवंतराव, सम कुठे टाकताय तुम्ही?"

तबला थांबला. "जागेवर."

"अजिबात नाही. आत्ता शशिकांतरावांना जागेवर देत होतात. इथे आधी येताय."

"वृंदाताई, प्लीज, आज नको," शशिकांतराव म्हणाले.

"आजच! उद्या कोणाला विचारू? बळवंतराव, मी हाताने ताल देते. तुम्ही वाजवा."

मी टाळी धरली. पेटी नाही, लेहरा नाही, नुसती टाळी आणि ठेका. बारा मात्रा आम्ही बरोबर होतो. तेराव्याला त्यांचा हात पुढे सरकायला लागला. घाईने नव्हे, चुकल्यासारखाही नव्हे. गर्दीत कोणाला तरी वाट करून द्यावी तसा. माझी टाळी पडायच्या आत त्यांचा समेचा 'धा' पडून गेला होता.

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा तेच झालं. या वेळी ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. टाकीकडे नाही, भिंतीकडे नाही. हाताकडे. तिसऱ्यांदा त्यांनी तो धरून ठेवायचा प्रयत्न केला, ते मला दिसलं. मनगट ताठ झालं होतं. तरी बोटं पुढे गेलीच.

त्यांनी हात तबल्यावर आडवा ठेवला.

"तिला घाई असायची," ते म्हणाले.

मग बोटं तबल्याच्या कडेवरून फिरवली.

"सम यायच्या आधी पोचायची ती. नेहमी. लग्नानंतर एकदा मी सांगितलं, तर चार दिवस मेंडोलिन खोक्यातून बाहेर काढलं नाही तिने. मग मी म्हटलं, जाऊ दे. आपणच थोडं पुढे जाऊ. तिला कळू दिलं नाही."

"म्हणजे आई बेसूर... ते काय म्हणतात, बेताल होती?" हेमलताने विचारलं. शब्द सापडायला तिला वेळ लागला.

"नाही गं. दोघं बरोबर पोचायचो ना आम्ही."

शशिकांतराव माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. प्रभाच्या वाजवण्याचं आम्ही सगळ्यांनी जन्मभर कौतुक केलं होतं. समेवर येताना काय उठाव असतो हिच्या हातात, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. तो उठाव म्हणजे तिची घाई होती, आणि घाई उघडी पडू नये म्हणून हा मुका माणूस प्रत्येक आवर्तनाला शेवटच्या चार मात्रा चिमटीत धरून आवळत होता. मी शेजारी बसून पेटीवर तिच्या मागोमाग जात होते, म्हणून मलाही कधी कळलं नाही. आणि आता ती नव्हती, तरी त्याचे हात तिला सांभाळून घ्यायला दर आवर्तनाला पुढे जात होते.

"मी विसरलो होतो," बळवंतराव म्हणाले. "खरंच विसरलो होतो. शपथ." मग त्यांनी उजवा हात उचलून गालावर ठेवला, आणि तसाच ठेवला. "वृंदाताई, दुखायला लागलं."

हेमलता मागून पुढे आली आणि त्यांच्या पाठीला टेकली. ते रडले, पण तेही जेवढ्यास तेवढं. कोणी पाणी आणू का विचारलं नाही. मग त्यांनी रुमालाने आधी तबल्याची शाई पुसली, मग चेहरा.

"आवर्तनं राहिलीत तिची," ते म्हणाले. "लेहरा लावा."

मी पेटी ओढली. पहिल्या आवर्तनाला जुन्या सवयीने सरळ गेले आणि मागे राहिले. दुसऱ्याला तेराव्या मात्रेपासून त्यांच्या हाताकडे बघत राहिले, तो सरकला तशी मीही सरकले, आणि 'धा'वर आम्ही दोघं एकदम पोचलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

बंद करण्याचं पुढे कोणी काढलं नाही. शशिकांतरावांनी नियमात काही वाढवलंही नाही. बळवंतराव आहेत तसेच आहेत, नाश्ता, वॉक, शब्दकोडं. रविवारी शशिकांतरावांचं झालं की ते ठेका धरतात आणि मी लेहरा, आणि सतरंजीवरच्या त्या रिकाम्या जागेसाठी आम्ही दोघं अर्धी मात्रा आधी पोचतो. परवा मुनिरक्याच्या मुलांपैकी एक जण बैठक संपल्यावर मला म्हणाला, "आंटी, वो जो खाली, ब्लँक वाला पोर्शन होता है ना, उसमें आप लोगों का उठाव कमाल का है."

मी त्याला सांगितलं की तो आमचा नाही, प्रभाचा आहे.